एस्तेर राणीचे मौन आणि तिची वाणी

हिब्रू शास्त्रातील एस्तेरचे पुस्तक आकाराने लहान आहे. दहा अध्याय आणि १६७ वचने एवढाच त्याचा विस्तार. त्यातून काढल्या जाणाऱ्या नैतिक बोधांची यादी मात्र बरीच लांब आहे. धैर्य, वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे, स्वजनांविषयी निष्ठा, संकटसमयी उपवास, ईश्वरी योजनेवर श्रद्धा असे अनेक धडे प्रवचनकारांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी या राणीच्या चरित्रातून घेतले आहेत. त्यांपैकी बहुतेक असत्य नाहीत. परंतु ते कथेच्या सारांशावरून काढलेले असतात, कथेच्या शब्दांवरून नव्हे. या पुस्तकाच्या कर्त्याने कोणते क्रियापद कोणाच्या तोंडी घातले, कोठे कर्ता लपविला आणि कोठे उघड केला, हे पाहू गेल्यास राणीच्या नीतीचे निराळे चित्र दिसते. ते अधिक कठोर आहे आणि काही ठिकाणी अस्वस्थ करणारेही आहे.

प्रथम कथाभूमीविषयी थोडेसे. प्रसंग इराणी साम्राज्याच्या शूशन या राजधानीतला. राजा अहश्वेरोश म्हणजे ग्रीकांचा झर्क्सीझ, प्राचीन पारशी शिलालेखांतील क्षयार्शा, असे सामान्यतः मानले जाते. त्याची कारकीर्द इ. स. पू. ४८६ ते ४६५ अशी होती. तथापि ही कथा इतिहास म्हणून वाचण्यास अडचणी आहेत. हिरोडोटस झर्क्सीझच्या राणीचे नाव आमेस्ट्रिस असे देतो, आणि दारयवहूच्या साम्राज्याचे वीस सुभे सांगतो; एस्तेरच्या पुस्तकात प्रांत आहेत १२७. इराणी दरबाराची चांगली माहिती असलेल्या एखाद्या यहुदी लेखकाने इराणी सत्तेच्या अखेरीस किंवा ग्रीक अमलाच्या आरंभी रचलेली ही ऐतिहासिक कथा असावी, हे मत आज बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे. नैतिक विचाराला यामुळे बाध येत नाही. उलट प्रत्येक शब्द लेखकाने योजलेला आहे असे धरून चालण्यास आधार मिळतो.

मराठी वाचकास या पुस्तकाची शब्दसंपत्ती काही ठिकाणी घरची वाटेल. राज्याची पूर्वसीमा म्हणून येणारे ‘होद्दू’ हे नाव म्हणजे हिंदुस्थान होय. प्राचीन पारशी ‘हिंदुश्’ आणि संस्कृत ‘सिंधु’ यांचेच ते हिब्रू रूप आहे आणि समग्र हिब्रू शास्त्रात ते केवळ याच पुस्तकात आढळते. पहिल्या अध्यायातील मेजवानीच्या वर्णनात पडद्यांच्या कापडासाठी ‘कर्पस’ हा शब्द आला आहे. तो संस्कृत ‘कर्पास’ असून इराणी भाषांतून हिब्रूत उतरला. मराठीत त्याचाच ‘कापूस’ झाला. राजाच्या हुकुमाला एके ठिकाणी ‘पित्गाम’ म्हटले आहे. हे प्राचीन इराणी ‘पतिगाम’. त्यातील उपसर्ग आणि धातू संस्कृतात ‘प्रति’ आणि ‘गम्’ या रूपांत दिसतात, आणि त्याचाच वंशज ‘पैगाम’ फारसीतून मराठीपर्यंत आला आहे. राणीच्या नावाविषयी दोन मते आहेत: बाबिलोनी देवता इश्तार हिच्या नावावरून ते आले, किंवा ताऱ्याच्या इराणी शब्दावरून. दुसरे मत ग्राह्य धरल्यास वैदिक ‘स्तृ’ म्हणजे तारा हा शब्द त्याचा नातलग ठरतो. तिचे हिब्रू नाव हदस्सा असे होते. पुढे यहुदी पंडितांनी ‘एस्तेर’ या नावाचा संबंध ‘लपविणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून ते चूक असले तरी वाचन म्हणून फार मार्मिक आहे. कारण या पुस्तकात जवळजवळ सर्वच महत्त्वाचे काही ना काही लपविलेले आहे, ईश्वराचे नावसुद्धा.

या साऱ्या शब्दांत कथेच्या दृष्टीने सर्वांत वजनदार शब्द म्हणजे ‘दात’. मराठी दाताशी त्याचा काही संबंध नाही. प्राचीन पारशीत ‘दात’ म्हणजे घालून दिलेला नियम, कायदा. संस्कृत ‘धा’, म्हणजे ठेवणे, स्थापणे, याच धातूचे हे इराणी रूप असून ‘विधि’ आणि ‘विधान’ हे आपले शब्द त्याच कुळातले आहेत. या छोट्या पुस्तकात तो वीसेक वेळा येतो. मद्य किती प्यावे यालाही ‘दात’ आहे, राण्यांना कसे वागवावे यालाही आहे, आणि एका समग्र लोकसमूहाचा नाश कोणत्या तारखेस करावा यालाही आहे. राजमुद्रेने उमटलेला ‘दात’ मागे घेता येत नाही हा या राज्याचा नियम कथेत पुन्हा पुन्हा सांगितला जातो. आधुनिक हिब्रूत या शब्दाचा अर्थ ‘धर्म’ असा झाला. फारसीत त्याचाच ‘दाद’ होऊन ‘न्याय’ असा अर्थ स्थिरावला आणि तेथून मराठीत ‘दाद मागणे’, ‘दाद लागणे’ हे प्रयोग आले. एकाच शब्दाची ही दोन टोके ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एस्तेरच्या राज्यात कायदा सर्वत्र आहे, पण दाद लागण्याची सोय कोठेही नाही.

हे प्रथम अनुभवास येते ते वश्ती राणीच्या. राजाने १८० दिवस आपल्या वैभवाचे प्रदर्शन मांडले आणि त्यानंतर सात दिवसांची मेजवानी दिली. सातव्या दिवशी मद्याने चित्त उल्हसित झाले असता त्याने राणीला मुकुट घालून लोकांपुढे यावयास सांगितले. तिने नकार दिला. मूळ संहितेत तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. ‘वत्तेमाएन’, म्हणजे तिने नाकारले, एवढे एक क्रियापद आहे. कारण दिलेले नाही, आणि टीकाकारांनी पुढे जी नानाविध कारणे पुरविली त्यांपैकी बरीच टीकाकारांच्याच मनाची साक्ष देतात. या एका क्रियापदाने साम्राज्य हादरते. मंत्री सल्ला देतात, राणीपद काढून घेतले जाते आणि प्रत्येक प्रांतास त्याच्या लिपीत व प्रत्येक लोकसमूहास त्याच्या भाषेत पत्रे रवाना होतात की, घरात पुरुषाची सत्ता चालावी. त्या हुकुमाच्या शेवटी एक विचित्र कलम आहे: पुरुषाने आपल्या लोकांची भाषा बोलावी. भाषाशास्त्रज्ञास ते सहज उमगते. मिश्रविवाहाच्या घरात कोणती भाषा चालावी हा त्या काळी वादाचाच प्रश्न होता. नहेम्याच्या पुस्तकात अश्दोदी भाषा बोलणाऱ्या मुलांविषयीची तक्रार याच प्रकारची आहे. स्त्रीची आज्ञाधारकता आणि तिची भाषा या दोहोंवर एकाच कागदाने मुद्रा उमटविली जावी, यात लेखकाचा उपहास लपत नाही.

जुन्या बोधकथाकारांनी वश्तीला उद्धटपणाचे उदाहरण केले आणि एस्तेरला नम्रतेचे. एलिझाबेथ केडी स्टॅंटन यांच्या ‘स्त्रियांचे बायबल’ या ग्रंथाच्या १८९८ सालच्या दुसऱ्या भागात वश्तीचा गौरव आहे, तो या परंपरेस दिलेला जबाबच होय. परंतु दोघींना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे काहीच कारण नाही. बोलाविले असता न जाणे हा वश्तीचा अपराध. पुढे न बोलाविता जाणे हा एस्तेरचा. दोन्ही प्रसंगी ‘दात’ एकच गोष्ट सांगतो की, राणीने कोठे असावे हे राणी ठरवीत नाही.

दुसऱ्या अध्यायातील एस्तेर ही व्याकरणदृष्ट्या जवळजवळ कर्ता नाहीच. अनाथ असता तिला मर्दखय मुलगी म्हणून घेतो. नंतर राजाज्ञेने ‘ती नेली गेली’. हे ‘वत्तिल्लाकाख’ असे कर्मणी रूप राजवाड्यात नेताना एकदा आणि राजापाशी नेताना पुन्हा योजिले आहे. तिला कोणी विचारले असे नाही. बारा महिने तिच्या देहावर तेला-सुगंधांचे संस्कार होतात, आणि त्या काळात तिच्याविषयी जे एक क्रियापद तिच्या नावे जमा होते ते नकारार्थी आहे: तिने आपले कुळ सांगितले नाही. तेही मर्दखयाने बजावले होते म्हणून. राजाच्या सातव्या वर्षी ती राणी झाली. हामानाचा कट बाराव्या वर्षीचा. म्हणजे राणीपदाची पाच वर्षे मौनात गेली. या मौनास सद्गुण म्हणणे कठीण आहे आणि दोष म्हणणे अन्यायाचे. ज्या दरबारात आधीची राणी एका नकारासरशी नाहीशी झाली, तेथे मौन हा केवळ तगून राहण्याचा उपाय असतो.

याच अध्यायाच्या अखेरीस एक लहानसा प्रसंग आहे. दोन द्वारपालांनी राजाच्या वधाचा कट केला तो मर्दखयाला कळला. त्याने एस्तेरला सांगितले आणि एस्तेरने तो मर्दखयाच्या नावाने राजास कळविला. ‘मर्दखयाच्या नावाने’ या दोन शब्दांवर यहुदी पंडितांनी एक नियम उभारला: जो मनुष्य ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नावानिशी सांगतो तो जगाच्या सुटकेस हातभार लावतो. तालमूदातील हा विचार संशोधकाने आपल्या टेबलावर लावून ठेवण्यासारखा आहे. येथे तो केवळ शिष्टाचार नव्हे, कथेचा सांधाच त्यावर फिरतो. बखरीत नाव नोंदले गेले, म्हणूनच पुढे निद्रानाशाच्या रात्री राजास ते वाचून दाखविले गेले आणि हामानाचा डाव उलटू लागला. श्रेय स्वतःकडे घेणे एस्तेरला सहज शक्य होते आणि तिच्या स्थानाला त्याची गरजही होती.

आता याच्याशी हामानाची वाणी ताडून पाहावी. मर्दखयाने मुजरा केला नाही एवढ्या कारणावरून त्याच्या सबंध जातीचा नाश करण्याचे हामानाने योजिले. परंतु राजापुढे बोलताना तो त्या जातीचे नाव घेत नाही. राज्यात विखुरलेले ‘कोणी एक लोक’ आहेत, त्यांचे नियम इतरांहून निराळे आहेत, राजाचे ‘दात’ ते पाळीत नाहीत, असे तो सांगतो. त्यातील पहिली दोन विधाने खरी आहेत, तिसरे खोटे. आणि खऱ्याच्या पाठीवर बसून खोटे आत शिरते. मग मागणी येते तीही कर्त्याविना: त्यांच्या नाशाविषयी लिहिले जावे. कोणी लिहावे, कोणी मारावे, याचा पत्ता नाही. पाठोपाठ दहा हजार किक्कार रुप्याची रक्कम. राजा नाव विचारीत नाही आणि अंगठी काढून देतो. सामूहिक हत्येची भाषा कशी घडते याचा इतका नेमका नमुना प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. प्रथम नाव काढून घ्यावयाचे, नंतर संख्या आणि खर्च बोलावयाचे, आणि क्रियापद कर्मणी ठेवावयाचे. प्रत्यक्ष हुकुमात मात्र एकाच अर्थाची तीन क्रियापदे ओळीने येतात: ‘लेहश्मीद’, ‘लहरोग’, ‘लेअब्बेद’, म्हणजे उच्छेद, वध आणि नाश. पत्रे निघतात, राजा व हामान पिण्यास बसतात आणि शूशन नगरी गोंधळून जाते.

चौथा अध्याय हा पुस्तकाचा कणा होय. राणी अंतःपुरात, मर्दखय गोणपाट नेसून वेशीबाहेर, आणि दोघांमध्ये निरोप नेणारा हथाक हा सेवक. राणीने राजाकडे जाऊन विनवणी करावी असे मर्दखय कळवितो. तिचे पहिले उत्तर धैर्याचे नाही, माहितीचे आहे: न बोलाविता आतल्या चौकात जाणाऱ्यास एकच ‘दात’, तो म्हणजे मृत्यू, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका, आणि तिला तीस दिवसांत बोलावणे आलेले नाही. हे उत्तर भित्रेपणाचे म्हणून कित्येक ठिकाणी झटकले जाते. परंतु धोका मोजल्याशिवाय पत्करलेला धोका नैतिकदृष्ट्या फारसा मोलाचा नसतो.

मर्दखयाचे प्रत्युत्तर तीन विचारांचे आहे. राजवाड्यात आहेस म्हणून तू एकटी वाचशील असे समजू नकोस. तू गप्पच राहिलीस तर सुटका दुसऱ्या स्थळाहून येईल, पण तू व तुझे कुळ उरणार नाही. आणि कोण जाणे, अशाच वेळेसाठी तू राणीपदाला पोहोचली असशील. यातील गप्प राहण्याचे क्रियापद हिब्रूच्या खास पद्धतीने दुहेरी योजिले आहे, ‘हाखरेश ताखरीशी’. मराठीत ‘गप्प ते गप्पच’ अशा द्विरुक्तीने त्याची धार थोडीशी आणता येईल. ‘दुसरे स्थळ’ म्हणजे ईश्वरच, असे अनेकांनी मानले आहे. पण लेखकाने तसे म्हटलेले नाही, आणि ‘कोण जाणे’ हे शब्द तर स्पष्टच अनिश्चिततेचे आहेत. येथे कोणतेही दर्शन होत नाही, आकाशवाणी होत नाही, वचन मिळत नाही. मोशेला जळते झुडूप दिसले. एस्तेरला एक ‘कदाचित्’ मिळतो. ग्रीक भाषांतरकारांस हे सहन झाले नाही. त्यांच्या संहितेत एकंदर १०७ वचनांची सहा परिशिष्टे जोडलेली आहेत, त्यांत स्वप्ने आहेत, राणीची दीर्घ प्रार्थना आहे आणि ईश्वराचे नाव मुबलक आहे. कॅथलिक परंपरेत ही परिशिष्टे शास्त्रात मोडतात, प्रॉटेस्टंट परंपरेत मोडत नाहीत. भक्तीच्या दृष्टीने ग्रीक संहिता समाधान देते हे खरे. पण हिब्रू संहितेतील एस्तेरचा निर्णय अधिक तिचा स्वतःचा आहे.

आणि तो निर्णय शब्दांतच दिसतो. एस्तेर उत्तर पाठविते ते आज्ञार्थी क्रियापदांनी: जा, सर्वांना गोळा कर, माझ्यासाठी उपवास करा, तीन दिवस खाऊ-पिऊ नका. मग ती सांगते की ती राजाकडे जाईल, आणि ते ‘दात’प्रमाणे नसेल. नंतर येते नष्ट होण्याचे क्रियापद, उत्तम पुरुषी आणि दोनदा: ‘आवद्ती’. हे तेच क्रियापद होय जे हामानाने राजापुढे उच्चारले आणि जे हुकुमात तिसरे होते, धातू तोच. लोकांसाठी कागदावर कर्मणी प्रयोगात लिहिलेले क्रियापद एस्तेर स्वतःला लावून घेते. आपली गणना कोणाबरोबर व्हावयाची हे तिने येथे ठरविले. लगेच पुढचे वाक्य सांगते की, एस्तेरने जे जे आज्ञापिले ते ते मर्दखयाने केले. दोन अध्यायांपूर्वी आज्ञा तो देत होता.

पाचव्या अध्यायात ती राजापुढे उभी राहते, राजदंड पुढे होतो, आणि अर्धे राज्य मागितले तरी मिळेल असे राजा म्हणतो. ती मागते एक मेजवानी. मेजवानीत मागते दुसरी मेजवानी. या विलंबाचे कारण कथेत नाही. दुसऱ्या मेजवानीत ती बोलते, आणि तिचे भाषण वाक्प्रयोगांच्या अभ्यासकाने जरूर पाहावे. तोपर्यंत ती दरबारी रीतीप्रमाणे तृतीय पुरुषात बोलत आली आहे, जसे मराठीत ‘महाराजांची मर्जी असेल तर’ असे म्हणावे. येथे प्रथमच ती ‘तुझ्या दृष्टीस’ असे द्वितीय पुरुषात म्हणते. क्षणभर राजा हा राजा न राहता समोरचा मनुष्य होतो. पुढच्या विनवणीत, आठव्या अध्यायात, ती पुन्हा तृतीय पुरुषाकडे वळते.

ती मागते स्वतःचा जीव आणि आपले लोक. दोन्ही एका श्वासात. कारण ती व तिचे लोक विकले गेले आहेत. कोणी विकले? क्रियापद पुन्हा कर्मणी आहे. विकणारा हामान, परंतु विकत देणारा समोर बसलेला राजा. हामानाने कर्ता लपविला तो मारणाऱ्यांना जबाबदारीतून मोकळे करण्यासाठी. एस्तेर कर्ता लपविते ती राजाला माघार घेण्यास वाट राहावी म्हणून. एकच प्रयोग, आणि हेतू परस्परविरुद्ध. कर्मणी प्रयोग स्वतः नीतिमान नसतो की अनीतिमान नसतो. फरक एवढाच की, हामानाच्या वाक्यात धोका दुसऱ्यांचा होता; एस्तेरच्या वाक्यात ‘मी’ आहे. राजाने ‘कोण’ असे विचारताच ती नाव घेते. ज्या दरबारात एका जातीचे नाव न घेता तिचा मृत्युलेख लिहिला गेला, तेथे अपराध्याचे नाव उच्चारले जाते.

याच भाषणात एक वाक्य खटकणारे आहे. दास-दासी म्हणून विकले गेले असतो तर आपण गप्प राहिलो असतो, असे ती म्हणते. क्रियापद तेच, ‘हेखराश्ती’. मर्दखयाचा शब्द तिच्या स्मरणात आहे. काही अभ्यासक येथे श्लेष पाहतात: नाश करणे आणि दास करणे या दोन हिब्रू धातूंत केवळ आद्य व्यंजनाचा, अलेफ व आयिन यांचा, भेद आहे, हामान नाश म्हणाला तेव्हा राजाने कदाचित दास्य ऐकले असावे. पैशाची आणि विक्रीची भाषा या तर्कास पोषक आहे. तो सिद्ध करता येणार नाही. पण दास्य सोसून गप्प राहण्याची तयारी, ती दरबारी विनय म्हणून का असेना, आदर्श म्हणून पुढे ठेवता येत नाही.

कथेचा खरा कस यापुढे लागतो आणि बहुतेक बोधकार नेमके येथेच पुस्तक मिटतात. हामानाला त्यानेच उभारलेल्या पन्नास हातांच्या खांबावर टांगले जाते, पण हुकूम तसाच उरतो. एस्तेर राजाच्या पाया पडून, रडून तो रद्द करण्याची विनंती करते. राजा सांगतो की, राजाच्या नावाने लिहिलेले परत फिरत नाही. तुम्हीच दुसरे काही लिहा. म्हणून पहिल्या पत्रानंतर सत्तर दिवसांनी, तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेस, दुसरे पत्र लिहिले जाते. दोन्ही पत्रांचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा आहे. भेद बारीक आणि बोलके आहेत. पहिले पत्र प्रत्येक लोकसमूहाला त्याच्या भाषेत गेले होते. दुसऱ्यात त्याशिवाय यहुद्यांना त्यांच्या लिपीत व त्यांच्या भाषेत, असे वेगळे नमूद आहे. ज्यांना ‘कोणी एक लोक’ म्हटले गेले त्यांना भाषा असलेला समूह म्हणून प्रथमच येथे स्थान मिळाले. परंतु त्याच पत्रात उच्छेद, वध आणि नाश ही तिन्ही क्रियापदे पुन्हा आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर ‘मुले व स्त्रिया’ हे शब्दही. त्या शब्दांचा अन्वय हल्लेखोर ज्यांच्यावर तुटून पडतील त्या यहुदी मुला-स्त्रियांशी लावावा असे एक मत आहे. व्याकरण त्यास आडवे येत नाही. तरी तिसऱ्या अध्यायातील मजकुराशी असलेले साम्य इतके ठसठशीत आहे की, हा अन्वय वाक्यरचनेपेक्षा वाचकाच्या सदिच्छेतून निघाला असावा असे वाटते.

नवव्या अध्यायातील आकडे सर्वश्रुत नाहीत. शूशनच्या किल्ल्यात ५०० मारले गेले, हामानाचे दहा पुत्र मारले गेले, दुसऱ्या दिवशी आणखी ३००, आणि प्रांतांत ७५,०००. ग्रीक संहितेत शेवटची संख्या १५,००० आहे. दुसरा दिवस राजाने देऊ केलेला नव्हता. तो एस्तेरने मागितला. लुटीची परवानगी असताना लुटीला हात लावला नाही हे लेखक तीनदा सांगतो. मर्दखय हा कीशाच्या वंशातला, आणि कीशाचा पुत्र शौल अगागाशी लढला तेव्हा लुटीच्या मोहाने पदच्युत झाला; हामान अगागी म्हणविला जातो. तेव्हा हा जुन्या पापाचा निरास आहे. हे साहित्यिक स्पष्टीकरण मान्य केले तरी दुसऱ्या दिवसाचे समर्थन त्यातून होत नाही. घटना काल्पनिक आहेत, हे दुर्बलांच्या समाजाने रचलेले स्वप्न आहे, असेही म्हणता येईल, आणि दुबळ्यांची सूडकल्पना प्रबळांच्या प्रत्यक्ष कृत्यांशी एका तराजूत घालू नये हे न्याय्यच आहे. तथापि लेखकाने एक गोष्ट दाखवून दिली आहे ती नाकारता येत नाही: जेथे चुकीचा कायदा रद्द होऊ शकत नाही तेथे न्याय मागणाऱ्यालाही त्याच कायद्याची क्रियापदे उचलावी लागतात. एस्तेरने दाद मागितली. तिला मिळाला आणखी एक ‘दात’.

यातून पूरीम हा सण निघाला. ‘पूर’ हा बाबिलोनी शब्द, अर्थ चिठ्ठी किंवा फासा. हिब्रू वाचकास तो परका असल्यामुळे लेखक त्याचा अर्थ तेथेच देतो. अदार महिन्याच्या १४ तारखेस हाती लिहिलेली गुंडाळी सभास्थानात वाचली जाते आणि हामानाचे नाव येताच आवाज करून ते बुडविले जाते. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्याची मातृभाषा मराठी, या सणाला पूर्वी ‘होळीचा सण’ म्हणत असे. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास तो येतो हेच त्याचे कारण. मिश्नेच्या नियमाप्रमाणे परभाषिकांना ही गुंडाळी त्यांच्या भाषेत वाचून दाखविता येते. प्रत्येक लोकसमूहास त्याच्या भाषेत पत्र पाठविण्याची गोष्ट सांगणाऱ्या ग्रंथास हा नियम शोभतो.

या सणाची पत्रे प्रथम मर्दखयाने लिहिली, मग एस्तेरने. नवव्या अध्यायाच्या शेवटी ‘वत्तिख्तोव’, म्हणजे तिने लिहिले, असे स्त्रीलिंगी एकवचनी क्रियापद आहे. मर्दखयाचे नाव पाठोपाठ येत असूनही क्रियापद तिचेच राहिले आहे. समग्र हिब्रू शास्त्रात हे रूप आणखी एकाच स्त्रीसाठी आले आहे, आणि तीही राणीच: ईजबेल. नाबोथाचा द्राक्षमळा हडपण्यासाठी तिने पत्रे लिहिली ती अहाबाच्या नावाने, त्याची मुद्रा लावून; पत्रांत खोटे साक्षीदार उभे करण्याची सूचना होती, आणि नाबोथ दगडमाराने मेला. ईजबेलचे पत्र पतीच्या नावाआड दडते. एस्तेरच्या पत्राच्या आरंभी तिचे स्वतःचे नाव आहे, आणि तेही पित्यासह, अबीहाईलाची कन्या म्हणून. जे कुळ पाच वर्षे लपविले होते तेच आता अधिकृत पत्राच्या मथळ्यावर आले आहे. तिच्या शब्दाने सणाची व्यवस्था कायम झाली व ग्रंथात लिहिली गेली, असे तो अध्याय सांगतो.

त्यानंतर दहावा अध्याय उरतो, तीन वचनांचा. राजाने भूमीवर व समुद्रद्वीपांवर कर बसविला, मर्दखय राजाखालोखालचा अधिकारी झाला, आणि त्याच्या थोरवीची हकीगत इराणच्या बखरीत नोंदली गेली. एस्तेरचे नाव त्यात नाही.